पहिल्या किकचा मान

आई म्हणायची, या घरात मी दुसरी. पहिली ती, अंगणात उभी आहे ती.

आई लग्न होऊन आली तेव्हा बाबांची मोटारसायकल आधीपासूनच घरात नांदत होती. रोज सकाळी तिची पुसपास व्हायची, आणि नवी नवरी चहाचा कप घेऊन दारात उभी राहायची ती चहावर साय धरेपर्यंत. शेवटी आईने तिचं नाव सवत ठेवलं. पुढे पाहुणेरावळे, शेजारीपाजारी सगळेच तिला सवत म्हणायला लागले. "सवतीला घेऊन जरा बाजारात जाऊन येतो," असं बाबा आईला सांगत, नवख्या पाहुण्याच्या भुवया कपाळात जात, आणि आईची तेवढीच करमणूक होई.

आई जाऊन अकरा वर्षं झाली. सवत त्याच्याही सात वर्षं आधी बंद पडली होती. अठरा वर्षं ती मागच्या पडवीत ताडपत्रीखाली बसून होती, आणि बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला तिच्या आठवणी सांगत होते. बाबा आता एकोणऐंशीचे. त्यांची थोरली लेक बावन्नची. तिने लग्न सात वर्षं चालवून पाहिलं होतं. मग ते बंद पडलं ते पडलंच, किक मारत बसण्यात अर्थ नव्हता. तेव्हापासून ती बाबांजवळ राहायची आणि पुढच्या खोलीत मोटारींच्या सीटा शिवायची. जुन्या गाड्यांची हौस असलेले लोक लांबून तिच्याकडे यायचे, कारण पन्नास वर्षांपूर्वीची शिलाई ती टाक्याला टाका मोजून जशीच्या तशी उतरवायची.

या हौशी लोकांचं एक मंडळ होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी एका मैदानावर सगळे आपापल्या गाड्या घेऊन जमत, त्या पुसत आणि बोलत. पुसणं कमी, बोलणं फार. आपल्या मुलांचे वाढदिवस बायकोला विचारणारी ही माणसं, पण कुठल्या गाडीचा गिअरबॉक्स कुठल्या साली उतरवला ते झोपेतून उठवून विचारा, वारासकट सांगतील. बाबा गाडीविनाच तिथे जात आणि सर्वांत जास्त बोलत. पोहता न येणाऱ्याने काठावरून सूचना द्याव्यात तसं, असं थोरली चिडवायची.

मंडळात एक रीत होती. बंद पडलेली गाडी कुणी नव्याने उभी केली की तिची पहिली किक मैदानावर, सर्वांसमोर मारायची. आणि ती मारायचा मान ज्याने ती गाडी सर्वांत जास्त वर्षं चालवली त्याचा. गाडी दुरुस्त करणाऱ्याने ती घरी चार वेळा सुरू करून पाहिलेली असतेच, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मालकाला मात्र तोवर किकला पाय लावू देत नाहीत.

गेल्या वर्षी थोरलीने सवतीला उभं करायचं ठरवलं. इंजिनाचं काम करायला नाडीवैद्य आला. खरं तर तो मेकॅनिक, पण इंजिनावर हात ठेवून, डोळे मिटून दुखणं सांगायचा म्हणून नाडीवैद्य. बाकीचं सगळं, सीट, रंग, तारा, थोरलीने स्वतः केलं. आणि त्यातच ती लिव्हरची गोष्ट घडली.

त्या काळच्या मोटारसायकलींना डाव्या मुठीजवळ एक छोटा लिव्हर असतो. इंजिनातली ठिणगी लवकर पाडायची की उशिरा, ते त्याने ठरतं. सुरू करताना ठिणगी उशिरा पडायला हवी. ती लवकर पडली तर इंजिन उलटं फिरतं, आणि माणसाने पायाने दाबलेली किक तेवढ्याच, नव्हे दसपट जोराने पायावर परत येते. घोड्याची लाथ बरी, असं जाणकार म्हणतात.

कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे लिव्हर अंगठ्याने आत ओढला की ठिणगी उशिरा. पण सवतीचा लिव्हर उलटा होता, असं बाबा सांगत. पहिला मालक छापखान्यातला माणूस. कागद कापायच्या यंत्रात त्याचा अंगठा गेला होता. अंगठाच नाही तर आत ओढणार कशाने? म्हणून त्याने कानशीने घासून लिव्हर असा फिरवून बसवला की तळहाताने बाहेर ढकलला की काम व्हावं. बाबांनी गाडी घेतली ती तशीच, आणि सदतीस वर्षं बाहेर ढकलूनच सुरू केली.

ही गोष्ट घरात शंभरदा सांगून झाली होती, आणि शंभरदा सांगितलेल्या गोष्टीचं जे होतं तेच तिचं झालं होतं. कुणी ऐकत नव्हतं. बाबांच्या एकेका आठवणीला दरवर्षी नवी पालवी फुटते, असं थोरली आणि तिचा धाकटा भाऊ एकमेकांना म्हणत. कापलेला अंगठा ही त्यांना अशीच एक पालवी वाटायची.

मग एके दुपारी थोरलीने गंजलेला जुना लिव्हर उघडला, तेव्हा आत कानशीच्या खुणा होत्या. तिरप्या, ओबडधोबड, घाईने मारलेल्या. म्हणजे अंगठा खरा होता. तिने तो तुकडा हातात धरून नाडीवैद्याला दाखवला. तो म्हणाला, "आधी म्हाताऱ्याला विचार. मग बसव."

विचारलं असतं तर बाबांनी सांगितलं असतं, होता तसा उलटाच बसव. आणि मंडळाच्या तपासणीत गाडीचा प्रत्येक भाग पुस्तकाशी ताडून गुण देत. उलट्या लिव्हरला शून्य. शिवाय रंगावरून बाबांनी तीन आठवडे डोकं खाल्लं होतं. पुस्तकातला हिरवा खोटा, आपला हिरवा गडद होता, म्हणे. तेव्हा थोरलीने नवा लिव्हर पुस्तकाप्रमाणे बसवला आणि जुना भंगारात टाकला. बाबांना मैदानावर सांगू, असं ठरवलं. एका वाक्याचं तर काम.

त्या रविवारी मंडळाच्या अध्यक्षांनी थोरलीला सीटच्या शिलाईबद्दल चारचौघांत धरून ठेवलं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, दहा पावलांवर, सवतीशेजारी उभे राहिले. सगळे गोल करून जमले. बाबांनी पेट्रोल सोडलं, लिव्हर हलवला, किकवर पूर्ण वजन टाकलं. आवाज झाला तो इंजिनाचा नव्हता. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं.

ही सात आठवड्यांपूर्वीची गोष्ट.

दवाखान्यात, स्ट्रेचरवरून आत नेताना, बाबांनी स्वतःच डॉक्टरांना सांगितलं, "लिव्हर विसरलो हो. वय झालं." थोरली शेजारीच चालत होती. तेवढ्यात धाकटा धावत आला, मंडळाची माणसं आली, आणि अध्यक्षांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, तुमचा काही दोष नाही, गाडी तर तुम्ही फार सुंदर केलीत. आता सांगावं तर या सगळ्यांसमोर. म्हणून ती म्हणाली, उद्या. दुसऱ्या दिवशी बाबा गुंगीत होते. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, जरा बरं वाटू दे. आठव्या दिवशी मंडळाने उत्कृष्ट उभारणीची ढाल घरी आणून दिली, आणि मग सांगणं दिवसागणिक जडच होत गेलं. नाडीवैद्य एकदा येऊन बाबांना भेटून गेला. जाताना दारात तिला एवढंच म्हणाला, "मी विचारायला सांगितलं होतं." नंतर तो फिरकला नाही.

पाय हळूहळू जुळत होता. बिघडलं ते दुसरंच.

बाबा स्वतःला तपासू लागले. गॅस बंद केला का, म्हणून तीनदा विचारायचे. गोळी घेतली की एका वहीत बरोबरची खूण करायचे, आणि ती खूण आपणच केली का, असंही विचारायचे. पूर्वी वर्तमानपत्रातल्या चुका मोठ्याने वाचून दाखवणारा हा माणूस आता मुकाट पानं उलटायचा. "किक मारताना लिव्हर विसरलो," ते म्हणायचे, "म्हणजे काय राहिलं? श्वास घ्यायला विसरण्यासारखं आहे ते." त्यावर थोरली भाजी निवडत राहायची.

धाकट्याने त्यांना विस्मरणाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी वार विचारला. बाबांना वार ठाऊक होता, थोरलीला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण उत्तर देण्याआधी त्यांनी तिच्याकडे पाहिलं. बरोबर आहे ना, अशा नजरेने. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

धाकटा वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. त्याने आपल्या घरातली तळमजल्यावरची खोली रिकामी केली, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले, भिंतीवर मोठ्या अक्षरांचं कॅलेंडर लावलं. येत्या रविवारी तो बाबांना कायमचं न्यायला येणार होता. बाबांनी हो म्हटलं होतं. भाजीवाल्याला हो म्हणावं तसं.

शुक्रवारी दुपारी मंडळाचा चिटणीस आला. मंडळाला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती म्हणून सभासदांच्या आठवणींचं पुस्तक निघणार होतं, आणि बाबांच्या आठवणींशिवाय ते काढणं म्हणजे त्याच्या शब्दांत "मिठाशिवाय जेवण" होतं. त्याने वही उघडली. ती आठवण सांगा ना, म्हणाला, लेकीला घरी आणल्याची.

ही आठवण मंडळात सर्वांना पाठ होती. थोरली चार दिवसांची होती. दवाखान्यातून यायला दुसरं वाहन मिळेना. आई सवतीवर मागे बसली, पोर पदरात, आणि बाबांनी अकरा किलोमीटर पहिल्या-दुसऱ्या गिअरवर काढले. पायी चालणारी माणसं पुढे जात होती. अर्ध्या वाटेत आई मागून म्हणाली, "सवत आज शहाण्यासारखी वागतेय. तिलाही कळलंय, घरात आता तिसरी आलीय."

बाबांनी प्लास्टरकडे पाहिलं. मग म्हणाले, "ती नका लिहू."

"का हो?"

"ती माझीच आहे की कुणाची ऐकलेली, सांगता येत नाही. आठवतं तसं, स्वच्छ आठवतं. पण लिव्हरही स्वच्छच आठवत होता." त्यांनी थोरलीकडे हात केला. "हिला विचारा."

"बाबा, मी चार दिवसांची होते."

"बघा. साक्षीदारही नाही."

चिटणीस हसला, पण बाबा विनोद करत नव्हते. त्याने वही मिटली, पुन्हा कधीतरी येतो म्हणाला, आणि दारात थोरलीला हलक्या आवाजात सांगितलं, वय आहे, चालायचंच.

दार लावून ती आत आली तेव्हा बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. पायाचं हाड गेलं होतं तोवर तिने धीर धरला होता. हाड जुळतं. पण आई मागे बसून बोललेलं ते वाक्य जगात एकाच माणसाजवळ होतं, आणि तो माणूस ते आत्ता टाकून देत होता, भंगारात टाकतात तसं. तिने स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसली.

"बाबा, तुम्ही लिव्हर विसरला नव्हता."

बाबांनी मान वळवली.

"तुम्ही बाहेर ढकललात. सदतीस वर्षं ढकलत होता तसाच. मी नवा बसवला तो पुस्तकाप्रमाणे बसवला. तो आत ओढायचा होता. तुम्हाला सांगितलं नाही."

बाबा हसले, फार मायेने. त्यांनी तिच्या गुडघ्यावर थोपटलं.

"मन राखतेस माझं. तुझी आईही असंच करायची. आमटीत मीठ मी दोनदा टाकायचो आणि ती पाहुण्यांना सांगायची, माझ्याच हातून झालं."

थोरलीने याचा विचारच केला नव्हता. सात आठवडे ती सांगायला घाबरत होती. सांगितलेलं खरं वाटणार नाही हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. कानशीच्या खुणा सांगितल्या. तिरप्या होत्या, ओबडधोबड होत्या. बाबा म्हणाले, ते तर मीच तुला सांगितलंय लहानपणापासून. जुना लिव्हर दाखव, म्हणाले. तो नव्हता. नाडीवैद्याला बोलावते, म्हणाली. तोही माझ्या लोभातला, बाबा म्हणाले, तू सांगशील ते बोलेल. थकलेल्या मुलाला समजवावं तसं ते बोलत होते, आणि आता त्यांना झोपायचं होतं.

मग तिला कळलं की हे निम्मं सांगून भागणार नाही. त्या रविवारचं आणखी थोडं शिल्लक होतं. ते तिने स्वतःलाही कधी धडपणे सांगितलं नव्हतं.

"ऐका," ती म्हणाली. "अध्यक्ष माझ्या शिलाईचं कौतुक करत होते. मी तुमच्याकडेच बघत होते. तुमचा हात लिव्हरवर गेला. बाहेर गेला. मला दिसला, बाबा. दहा पावलं होती. ओरडले असते तर तुम्ही थांबला असता. पण ओरडले असते तर सगळ्यांना कळलं असतं की मी जुना काढून टाकला आणि मालकाला सांगितलंही नाही. एवढा विचार करायला वेळ झाला मला. तेवढा वेळ होता. मला वाटलं, होईल सुरू, कधीकधी होते तशीही. आणि मी अध्यक्षांकडे बघून हसले."

बाबांचा हात अजून तिच्या गुडघ्यावर होता. तो त्यांनी उचलला आणि आपल्या मांडीवर ठेवला. झटकन नाही. सावकाश, वस्तू परत जागेवर ठेवावी तसा.

"हे मन राखायला नाही सांगत कुणी," ते म्हणाले.

"नाही."

"गुणांसाठी?"

"हो."

"किती मिळाले लिव्हरचे?"

"दोन."

बाबांनी मान हलवली. मग स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले, डावाच अंगठा होता त्या छापखान्यातल्या माणसाचा, मला पक्कं ठाऊक होतं. रात्री जेवण त्यांनी खोलीतच घेतलं. गॅसबद्दल विचारलं नाही. गोळीही घेतली आणि वहीत खूण केली नाही; थोरलीने सकाळी पाहिलं. तिला हसू आलं आणि रडूही, आणि यातलं काहीच त्यांच्यासमोर करायची सोय उरली नव्हती.

शनिवारी चिटणीस आला तो बाबांनीच फोन करून बोलावला म्हणून. दोन तास ते बोलत होते. चार दिवसांचं पोर, अकरा किलोमीटर, आईचं वाक्य. शिवाय थोरलीने कधीच न ऐकलेलं एक: वाटेत पोर रडायला लागलं तेव्हा आईने गाडी थांबवायला लावली होती, पण इंजिन बंद करू दिलं नव्हतं, कारण त्या धडधडीनेच पोर गप्प होत होतं. रस्त्याच्या कडेला तिघं चौथीच्या जिवावर अर्धा तास उभी होती. थोरली दारात कप घेऊन उभी राहिली. बाबांनी कप घेतला, पण वर पाहिलं नाही.

शेवटी चिटणिसाने भीतभीत विचारलं, मैदानावरच्या त्या अपघाताबद्दल काही लिहायचं का, की राहू दे.

"लिहा. लिव्हर बदलून उलट बाजूने बसवला होता आणि मला सांगितलं नव्हतं. लिव्हर मी विसरलो नव्हतो."

चिटणिसाचं पेन थांबलं. "कुणी बसवला होता?"

ते उत्तर बाबांचं नव्हतं.

"मी," थोरली म्हणाली.

चिटणिसाने एकदा तिच्याकडे, एकदा बाबांकडे पाहिलं. मग वहीत मान घालून लिहिलं, आणि लिहिताना त्याचे कान लाल झाले होते.

त्या संध्याकाळी तिने धीर करून विचारलं, धाकट्याला कळवू का, उद्या येऊ नको म्हणून? डॉक्टरांनाही सांगता येईल. आता जायची काय गरज?

बाबा कपाटातून शर्ट काढत होते, एका पायावर तोल सांभाळत. तिने पुढे केलेला हात त्यांनी घेतला नाही. पलंगाचा आधार घेतला.

"तेव्हा डोकं ठिकाणावर नाही म्हणून जाणार होतो," ते म्हणाले. "आता आहे, म्हणून जातोय."

"कायमचं?"

"ते मला ठाऊक नाही. तू सात आठवडे घेतलेस. मलाही लागतील."

रविवारी धाकटा हळू आवाजात, सांभाळून बोलत आत आला, आणि बाबांनी त्याला पहिल्याच मिनिटाला झापलं: मोटार चुकीच्या बाजूने लावली आहेस, प्लास्टरचा पाय त्या दाराने आत जाणार नाही. धाकटा गोंधळून मोटार फिरवायला गेला. थोरलीने पिशवी आणून दिली, गोळ्यांची वेळ सांगितली. बाबांनी ऐकून घेतलं, मला ठाऊक आहे असं म्हटलं नाही, एवढंच काय ते.

मोटारीत बसवताना मात्र पाय आत घ्यायला दोन माणसं लागली. एका बाजूने धाकटा, दुसऱ्या बाजूने ती. प्लास्टरचं सगळं वजन तिच्या दोन्ही तळव्यांवर आलं, आणि बाबांनी ते येऊ दिलं. मग दार लागलं.

धाकटा तिच्याकडे येऊन कुजबुजला, "ताई, हे काय? आज एकदम लख्ख आहेत की. झालं काय?"

मोटारीची काच खाली होती. बाबा समोर बघत होते, आणि ऐकत होते.

"सांगते," ती म्हणाली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.